ओरखडे मांजराचे, हिशेब अनामतीचा

गोव्यातून शिक्षण आटोपून नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांची वाट पूर्वी बहुधा मुंबई-पुण्याकडे वळत असे. पुढे तीत बंगळुरूची भर पडली आणि आता हैदराबादचीही पडली आहे. माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर, मणिकोंडा ही नावे आज म्हापशा-फोंड्यातील घरांतही ओळखीची झाली आहेत. मुलगा किंवा मुलगी परगावी एकटी राहते, दिवसभर संगणकासमोर बसते आणि कधीतरी एखादे मांजराचे पिल्लू किंवा कुत्रे घरी आणते. वर्ष-दोन वर्षांनी घर सोडायची वेळ येते तेव्हा घरमालक भिंतींकडे, दाराच्या चौकटीकडे आणि खिडकीच्या जाळीकडे बोट दाखवून सांगतो की, अनामत रक्कम विसरा. पन्नास-साठ हजारांचा प्रश्न असतो. पहिल्या काही वर्षांच्या पगारात ही रक्कम लहान नव्हे. नव्या घराची अनामत बहुतेकदा तिच्यातूनच भरायची असते.

पाळीव प्राण्याने भाड्याच्या घरात केलेल्या नुकसानीस जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: भाडेकरू. तथापि, खरा वाद जबाबदारी कोणाची यावर क्वचितच होतो. तो होतो नुकसान नेमके कोणते, त्याची किंमत किती आणि ती ठरवायची कोणी, यावर. या तिन्ही बाबतींत कायदा भाडेकरूंना वाटतो तितका मालकाच्या बाजूचा नाही आणि मालकांना वाटतो तितका भाडेकरूच्या बाजूचाही नाही.

आधी कोणता कायदा लागू होतो ते पाहू, कारण येथेच पहिला गैरसमज होतो. हैदराबादेत भाडेनियंत्रणाचा कायदा आहे. मूळचा आंध्र प्रदेशाचा १९६० चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण अधिनियम तेलंगणाने राज्यनिर्मितीनंतर आपलासा केला. इमारतीचे मूल्य किंवा उपयुक्तता लक्षणीयरीत्या घटेल अशी नासधूस भाडेकरूने केली, तर त्याला घराबाहेर काढण्याची तरतूद त्यात आहे. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन हेही त्यात निष्कासनाचे एक कारण आहे. परंतु २००५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका क्षेत्रात दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या इमारती या कायद्यातून वगळल्या गेल्या. आज हैदराबादेत ३,५०० रुपयांत खोलीही मिळणे कठीण. सबब, काचीगुडा किंवा सुलतान बाजारच्या जुन्या मराठी वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याने राहणारी कुटुंबे सोडली, तर आयटीतील तरुण ज्या सदनिकांत राहतात त्यांचा या कायद्याशी संबंध येत नाही. त्यांचे भाडेकरार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली आणि १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाखाली येतात, आणि हे दोन्ही कायदे गोव्यातही लागू आहेत. त्यामुळे पुढील विवेचन हैदराबादचे असले तरी पर्वरीत किंवा मडगावात सदनिका भाड्याने देणाऱ्या वाचकांनाही ते बव्हंशी उपयोगी पडेल.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमात मालक आणि भाडेकरू यांचे हक्क व जबाबदाऱ्या दिल्या आहेत. त्यातील ‘एम’ हे उपकलम आपल्या विषयाचा गाभा आहे. त्याचा आशय असा: भाडेकरूने घर ताब्यात घेतले त्या वेळी ते ज्या स्थितीत होते, तितक्याच चांगल्या स्थितीत ते राखावे आणि परत करावे. वाजवी झीज आणि अनिवार्य आपत्तीमुळे झालेले बदल एवढेच त्याला अपवाद. मालकाला योग्य वेळी येऊन पाहणी करण्याचा आणि दोष आढळल्यास सूचना देण्याचा अधिकार आहे. तो दोष भाडेकरूच्या, त्याच्या नोकरांच्या अथवा प्रतिनिधींच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे उद्भवला असेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत भाडेकरूने तो दुरुस्त करून द्यायचा आहे.

या मजकुरात प्राण्याचा उल्लेख नाही. मांजर हे भाडेकरूचे नोकर नव्हे आणि प्रतिनिधी तर नव्हेच. मग जबाबदारी येते कोठून? ती ‘हयगय’ या शब्दातून येते. मांजर दार ओरबाडते, पण त्याला ओरबाडायला दुसरे काही न देणे, दाराला संरक्षक पत्रा न लावणे, कुत्र्याला दिवसभर कोंडून ठेवणे ही माणसाची हयगय ठरते. शिवाय याच कलमातील ‘ओ’ उपकलम सांगते की, सामान्य समज असलेला माणूस स्वतःचे घर जसे वापरेल तसे भाडेकरूने ते वापरावे आणि त्याला कायमची इजा होईल असे काही करू नये. ही कसोटी मला अतिशय शहाणपणाची वाटते. स्वतःच्या सागवानी दाराला कुत्र्याने दात लावले असते, तर आपण काय केले असते, एवढाच प्रश्न भाडेकरूने स्वतःला विचारायचा आहे.

तीन महिन्यांच्या मुदतीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दोष दाखवून दिल्यानंतर तो स्वतः दुरुस्त करून देण्याची संधी कायद्याने भाडेकरूला दिली आहे. प्रत्यक्षात काय होते? किल्ल्या परत केल्यावर आठ-दहा दिवसांनी एक यादी मोबाइलवर येते, तिच्यात सुताराचे, रंगाऱ्याचे आणि सफाईवाल्याचे आकडे असतात आणि त्या आकड्यांची बेरीज योगायोगाने अनामतीच्या जवळपास भरते. म्हणून घर सोडण्याच्या महिनाभर आधीच मालकाला बोलावून घर दाखवावे, दोषांची यादी लेखी मागावी आणि शक्य ते आपल्याच सुताराकडून करून घ्यावे. बहुतेक वेळा अर्ध्या खर्चात काम होते.

अर्थात कलम १०८ ची सुरुवातच अशी आहे की, या जबाबदाऱ्या विरुद्ध करार किंवा स्थानिक प्रथा नसेल तेव्हा लागू होतात. स्थानिक प्रथा हे शब्द हैदराबादेत महत्त्वाचे ठरतात. तेथे आणि बंगळुरूतही घर सोडताना रंगकामापोटी एका महिन्याचे भाडे कापून घेण्याचा रिवाज पडला आहे. मग भाडेकरूने प्राणी पाळलेला असो वा नसो, भिंती स्वच्छ असोत वा मळलेल्या. हा रिवाज करारात लिहिलेला असेल, तर तो मान्य करूनच आपण आत गेलेले असतो. त्यावर नंतर वाद घालण्यात अर्थ नाही. पण एकदा रंगापोटी महिन्याचे भाडे दिल्यानंतर त्याच भिंतींवरच्या मांजराच्या डागांसाठी पुन्हा रंगकामाचा खर्च मागणे म्हणजे एकाच भिंतीचे पैसे दोनदा घेणे होय. ही मागणी सर्रास केली जाते आणि भाडेकरू ती मुकाट्याने मान्य करतात, कारण मुळात मालकाने प्राणी ठेवू दिला हेच त्यांना उपकार वाटतात.

झीज कोणती, नुकसान कोणते

‘वाजवी झीज’ या शब्दांची व्याख्या कायद्यात नाही. ती वस्तू, तिचे वय आणि वापर यांवरून ठरवावी लागते. उन्हाने फिकट झालेला रंग, पलंग घासून भिंतीवर उमटलेली रेघ, वर्षानुवर्षांच्या वावराने गेलेले फरशीचे पॉलिश ही झीज. माणूस राहतो म्हणून ती होतेच आणि भाडे घेतले जाते ते तिच्यासाठीच. दाराच्या चौकटीला पडलेले दातांचे खड्डे, फाटलेली डासांची जाळी, लघवीने फुगलेले कपाटाचे दार हे नुकसान. मधला प्रदेश मात्र मोठा आहे. कुत्र्याच्या नखांनी फरशीवर उमटलेल्या बारीक रेघा झीज मानायच्या की नुकसान? ग्रॅनाइटवर त्या उमटतच नाहीत. लाकडी जमिनीवर उमटतात आणि खर्चिक ठरतात.

म्हणून घर घेताना आपण कोणत्या पदार्थांवर प्राणी सोडणार आहोत याचा विचार करावा. हैदराबादच्या जुन्या घरांत तांदूरची फरशी असते. तांदूर हे गाव तेलंगणातच, विकाराबाद जिल्ह्यात आहे. ही फरशी म्हणजे चुनखडक. संगमरवरही रासायनिकदृष्ट्या त्याच कुळातला. दोघांनाही आम्ल सोसत नाही. कुत्र्या-मांजराच्या लघवीचा डाग तासन्‌तास राहिला, तर फरशी तो शोषून घेते; पण त्याहून मोठी हानी तो काढण्यासाठी ओतलेल्या ॲसिडने होते. सफाई कामगार बाटली रिकामी करतो, डाग जातो आणि त्या जागी फरशीचा वरचा थर कायमचा खाल्ला जातो. मालकाच्या यादीत मग ‘कुत्र्यामुळे खराब झालेली फरशी’ अशी नोंद होते. नव्या इमारतींतील व्हिट्रिफाइड टाइल्स या बाबतीत टणक असतात, मात्र त्यांच्या मधल्या सांध्यांत द्रव मुरतो आणि वास तेथेच दडून बसतो.

वासाचे शास्त्रही थोडे समजून घ्यावे, कारण सर्वाधिक भांडणे त्यावरून होतात. मांजराच्या लघवीतील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. तो वास पाण्याने धुतला जातो. पण युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ते कोरडे असताना गप्प असतात आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वास देऊ लागतात. त्यामुळे मे महिन्यात घर सोडलेल्या भाडेकरूबद्दलची तक्रार जुलैत येते आणि तो ती खोटी समजतो. या स्फटिकांवर विकरयुक्त द्रावणच चालते, ते प्राण्यांच्या दुकानांत मिळते. फिनाइल ओतणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय येथे दुहेरी चुकीचा आहे. त्याने वास झाकला जातो, जात नाही. आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये मांजराच्या यकृताला निचरता येत नसल्याने ती त्याला विषारी ठरतात. अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवाने तर मांजर पुन्हा त्याच जागी येते, कारण त्याला तो आपलाच वास वाटतो.

स्वयंपाकघरातील खालची कपाटे हा आणखी एक नाजूक भाग. बाहेरून चकचकीत लॅमिनेट आणि आत दाबलेल्या लाकडी भुश्श्याचा पत्रा असे त्यांचे स्वरूप असते. कडेने एकदा ओल शिरली की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. पण ही ओल प्राण्याचीच होती की सिंकखालच्या गळक्या पाइपची, हे फुगलेले दार पाहून सांगता येत नाही. डागाची उंची, जागा आणि कोणत्या बाजूने फुगले हे पाहावे लागते. घरात मांजर होते एवढ्यावरून सगळी ओल मांजराची ठरत नाही.

कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यात पडून नवे येतात. या काळात ते हाती लागेल ते चावते, आणि दाराची चौकट त्याच्या तोंडाच्या बरोबर उंचीवर असते. नव्या घरात पिल्लू आणायचेच असेल, तर चौकटींच्या खालच्या दोन फुटांना स्वस्त प्लास्टिकचा कोन लावून घ्यावा. निघताना तो काढून नेता येतो. कायद्यानुसार भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने बसवलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी काढून नेण्याचा त्याला हक्क आहे. घर मात्र मूळ स्थितीत राहिले पाहिजे. बाल्कनीला मांजरासाठी लावलेली जाळी याच नियमात बसते. तिच्या खिळ्यांची भोके बुजवून देणे हे आपले काम.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, डिचोलीची एक तरुणी कोंडापुरात दोन बेडरूमच्या सदनिकेत दरमहा ३०,००० रुपये भाड्याने तीन वर्षे राहिली. अनामत ६०,००० रुपये. रंगकामाचे पैसे कापण्याची अट करारात नाही. दुसऱ्या वर्षी तिने मालकाला विचारून मांजर आणले. निघताना मालकाने यादी दिली: पूर्ण घराचा रंग ३०,०००, शयनगृहाचे दार व चौकट नवी १२,०००, खिडक्यांच्या जाळ्या २,४००, स्वयंपाकघरातील दोन कपाटांची दारे ७,००० आणि साफसफाई ५,०००. एकूण ५६,४००. तरुणीच्या हाती ३,६०० रुपये.

ही यादी एकेक करून तपासली पाहिजे. मांजराने डाग पाडले ते एका खोलीत. त्या खोलीच्या रंगाचा खर्च ६,००० धरू. रंगाचे आयुष्य पाच वर्षांचे धरले, तर त्यातील तीन वर्षे तिच्या भाड्यात वसूल झालेली आहेत. उरलेल्या दोन वर्षांचा वाटा २,४०० रुपये. नुकसानभरपाई म्हणजे झालेली हानी भरून देणे; जुन्या रंगाच्या जागी फुकट नवा रंग मिळवणे नव्हे. चौकटीच्या कोपऱ्यावर ओरखडे आहेत, ती मोडलेली नाही. लांबी भरून पॉलिश केल्यास ३,५०० रुपयांत काम होते. तेवढे तिने द्यावेत. जाळ्या मांजरानेच फाडल्या आहेत, त्यांचे २,४०० पूर्ण द्यायला हरकत नसावी. कपाटाची दारे सिंकखालची आहेत आणि पाइप गळत असल्याचा तिचा संदेश मालकाला गेलेला आहे, तेव्हा ती मालकाकडे. एका खोलीच्या विशेष सफाईचे २,०००. बेरीज १०,३०० रुपये. परत मिळायचे ४९,७००. दोन्ही हिशेबांतील अंतर ४६,१०० रुपयांचे आहे. पाइपबद्दलचा तो एक संदेश तिने पाठवला नसता, तर आणखी सात हजार गेले असते.

याच तर्काची दुसरी बाजूही आहे. मोठा कुत्रा रोज दहा-दहा तास बंद सदनिकेत एकटा राहिला, त्याने लाकडी जमीन उखडली, दोन दारे निकामी केली आणि खर्च सव्वा लाखावर गेला, तर ६०,००० रुपयांची अनामत जप्त झाली म्हणजे भाडेकरू मोकळा झाला असे नाही. अनामत ही जबाबदारीची मर्यादा नव्हे, हाताशी ठेवलेले तारण आहे. उरलेल्या रकमेसाठी मालक तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावू शकतो. अशा मालकांची बाजू आपल्याकडे फारशी मांडली जात नाही. निवृत्तीचे पैसे घालून घेतलेल्या एकुलत्या सदनिकेच्या भाड्यावर संसार चालवणारा मालकही असतोच.

करारातील एक ओळ

भाडेकरारात ‘पाळीव प्राणी आणू नये, आणल्यास पूर्ण अनामत जप्त होईल’ अशी ओळ असते. पुष्कळ जण ती न वाचता सही करतात किंवा वाचून लपूनछपून प्राणी आणतात. हैदराबादेत ‘टू-लेट’च्या पाटीखाली फक्त कुटुंबाला, फक्त शाकाहारी, अविवाहितांना नाही अशा अटी आधीच इतक्या असतात की, प्राण्याचे नाव काढले तर घरच मिळणार नाही ही भीती खोटी नाही. तरीही लपवण्याने भाडेकरूची बाजू कमकुवतच होते.

मात्र ती ओळ असली म्हणून सगळी रक्कम आपोआप बुडते असेही नाही. करार अधिनियमाचे ७४ वे कलम सांगते की, करारभंगासाठी विशिष्ट रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय तेवढ्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, नुकसान झालेलेच नसेल तर या कलमाखाली भरपाईही मिळत नाही. तो खटला भूखंडाच्या लिलावातील इसाऱ्याचा होता, पण तत्त्व भाड्याच्या अनामतीलाही लागू पडते. मांजर ठेवले, करार मोडला, घर मात्र जसेच्या तसे आहे, तर मालकाने नेमके काय गमावले हे त्याला दाखवावे लागेल.

घर खाली करायला लावण्याचा प्रश्न वेगळा. करारातील अट मोडल्यास भाडेपट्टा संपेल, असे करारातच लिहिलेले असेल आणि मालकाने तशी लेखी नोटीस दिली, तर भाडेपट्टा संपुष्टात येऊ शकतो. परंतु प्राणी घरात आहे हे ठाऊक असूनही मालक पुढील महिन्यांचे भाडे स्वीकारत राहिला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ११२ व्या कलमानुसार त्या कारणावरून भाडेपट्टा संपवण्याचा हक्क त्याने सोडला असे मानले जाते. नुकसानीचा हक्क मात्र त्याने सोडलेला नसतो. प्राणी पाळण्याची परवानगी म्हणजे घर खराब करण्याची परवानगी नव्हे, ही गोष्ट जर्मनीतील कोब्लेंझच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एका लॅब्राडोरने ओरबाडलेल्या लाकडी जमिनीच्या प्रकरणात सांगितली. तेथे कुत्रा ठेवायला मालकाची संमती होती, तरी ओरखड्यांची भरपाई भाडेकरूवर आली. त्याच देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक वर्ष आधी, २०१३ मध्ये, छापील भाडेकरारातील कुत्र्या-मांजरांवरील सरसकट बंदी रद्द ठरवली होती, हेही येथे नमूद करायला हवे.

आपल्याकडे सरसकट बंदीबाबत स्थिती अशी की, गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघ यांना ती घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी आणता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघांच्या अशा अटी बेकायदा ठरवल्या. पण हे संरक्षण संघाच्या विरुद्ध आहे. ज्याचे घर आहे त्या मालकाने करारात घातलेली अट हा दोघांमधील व्यवहार असतो, आणि संघाबाबतचे निकाल दाखवून मालकाशी वाद घालणाऱ्या भाडेकरूंची त्यात गल्लत होते.

घराच्या भिंतींपलीकडचे नुकसान हा या लेखाचा विषय नाही, पण त्याचा उल्लेख टाळता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जेवणाचे पार्सल द्यायला आलेला तरुण पाळीव कुत्रा अंगावर आल्याने पळताना तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि पुढे मरण पावला. कुत्र्याच्या मालकावर गुन्हा नोंदवला गेला. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली प्राण्याबाबत हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दाराच्या ओरखड्यांपेक्षा दाराची कडी महत्त्वाची आहे ती यासाठी.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे आणि दुरुस्तीची वाटणीही दिली आहे. भिंतींचा रंग मालकाकडे. डासांच्या जाळ्या, दारांच्या मुठी-कुलुपे आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. हा नमुना राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय कोणाला बांधत नाही. तरीही करार लिहिताना ही वाटणी जशीच्या तशी उतरवून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. प्राणी असेल तर त्यात आणखी दोन-तीन वाक्ये घालावीत: कोणता प्राणी, किती, घर ताब्यात घेतानाच्या स्थितीची छायाचित्रे दोघांनी मान्य केली आहेत, नुकसानीचा खर्च पावतीनुसार आणि वस्तूचे वय लक्षात घेऊन ठरेल. मालकाने प्राण्यापोटी जादा अनामत मागितली, तर ती परत मिळणारी आहे की नाही, हे त्याच ओळीत लिहून घ्यावे.

करार अकरा महिन्यांचा करण्यामागचे कारण वाचकांना ठाऊक असेलच. बहुतेक राज्यांत एक वर्षाहून अधिक मुदतीचाच भाडेपट्टा नोंदणीकृत लागतो, तो खर्च आणि खटाटोप टाळण्याचा हा मार्ग. पण नोंदणी टळली म्हणून मुद्रांक शुल्क टळत नाही. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतलेला करार शुल्क अपुरे भरले असल्यास दंडासह शुल्क भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि हे ध्यानात येते ते नेमके भांडणाच्या वेळी. गोव्यातील मालकांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. आपल्याकडे आणि महाराष्ट्रात अनेक करार भाडेपट्ट्याचे नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यांना कलम १०८ थेट लागू होत नाही. तेथे करारात जे लिहिले असेल त्यावरच भिस्त, म्हणून झिजेची आणि नुकसानीची ओळ त्यात असणे अधिकच गरजेचे.

पुराव्याचे म्हणाल तर पहिल्या दिवशी रिकाम्या घराचे दारे, चौकटी, जाळ्या, कपाटांच्या आतल्या बाजू आणि फरशीचे कोपरे दिसतील असे चित्रीकरण करावे आणि त्याच दिवशी ते मालकाला पाठवावे. पाठवल्याने तारीख निश्चित होते. शेवटच्या दिवशी मालकासमक्ष पुन्हा तेच करावे. मोबाइलवरील छायाचित्रे आणि संदेश न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ मोबाइल विकून टाकला की हे काम अवघड होते. पाळीव कुत्र्याची महापालिकेकडील नोंदणी आणि लसीकरणाची कागदपत्रेही सोबत असलेली बरी. त्यांनी चौकटीचे खड्डे भरत नाहीत, परंतु माणूस निष्काळजी नाही एवढे दिसते.

घर बदलताना नवा मालक नकार देतो म्हणून प्राणी रस्त्यावर सोडून देण्याचे प्रकार शहरांत घडतात. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. अनामत वाचवण्यासाठी प्राण्याचा ‘पुरावा’ नाहीसा करू पाहणाऱ्यांनी हे जाणून असावे की, चौकटीवरचे दातांचे खड्डे त्यामुळे नाहीसे होत नाहीत.

इंग्लंडमध्ये अनामत केवळ मालकाच्या मर्जीवर राहत नाही. २००७ पासून तेथे खासगी भाडेकराराची अनामत मान्यताप्राप्त योजनेत संरक्षित ठेवणे सक्तीचे आहे आणि वाद झाल्यास त्या योजनेतील निवाडा फुकट मिळतो. आपल्याकडे ती मालकाच्या खात्यात जाते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि ती सोडवून घेण्याचा भार भाडेकरूवर पडतो. ४०-५० हजारांसाठी दिवाणी दावा लढवणे, तेही नोकरी सोडून दुसऱ्या शहरी गेल्यावर, कोणालाच परवडत नाही, आणि मालकाला ते पक्के ठाऊक असते. त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग लोकअदालतीचा. वकिलामार्फत किंवा स्वतः, हिशेबासह लेखी नोटीस पाठवावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर घर ज्या भागात आहे तेथील विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करावा. त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही. दुसरी बाजू हजर राहिली आणि तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो आणि त्यावर अपील होत नाही. दुसरी बाजू आलीच नाही, तर दिवाणी दाव्याचा मार्ग तीन वर्षांपर्यंत खुला राहतो.